सबकुछराव

कार्यक्रमपत्रिकेवर ‘गीत’, ‘संगीत’ आणि ‘स्वर’ या तिन्ही शब्दांपुढे एकच नाव छापलेलं दिसलं, की जाणकार श्रोता दाराजवळची खुर्ची धरतो. नवखा पुढच्या रांगेत बसतो आणि अडकतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक बँकेत आणि प्रत्येक आळीच्या गणेशोत्सवात असा एक इसम असतोच. तो नोकरी करतो, हप्ते भरतो, मुलांना शाळेत सोडतो, गिरणीतून दळण आणतो आणि या सगळ्याच्या फटीत कुठेतरी स्वतः लिहिलेल्या ओळींना स्वतः चाल लावून स्वतः गातो. बहुतेक वेळा ऐकतोही स्वतःच.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या अशा इसमाला आम्ही सबकुछराव म्हणतो. १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ आला, तेव्हा पटकथेपासून दिग्दर्शनापर्यंत आणि संगीतापासून नायकाच्या भूमिकेपर्यंत सारं एकाच माणसाचं, म्हणून त्या चित्रपटाची ‘सबकुछ पु. ल.’ अशी ख्याती झाली. तिथून हे नाव आम्ही उचललं. पण त्याच चित्रपटातल्या ‘इंद्रायणी काठी’चे शब्द गदिमांचे आणि गळा भीमसेन जोशींचा. हा तपशील कुणीतरी सबकुछरावांच्या कानावर घातला, तेव्हा ते क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, “तेवढ्यापुरते कमी पडले बिचारे.”

सबकुछराव एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक होते आणि शेवटपर्यंत लिपिकच राहिले. बढतीची संधी दोनदा आली, दोनदा त्यांनी लेखी नकार दिला. “ऑफिसर झालो की बदली. बदली झाली की रियाज सुटला. कलावंतानं खुर्चीचा मोह धरू नये,” असं ते बँकेतल्या तरुण पोरांना सांगत. वहिनींची आवृत्ती थोडी वेगळी आहे. “बदली झाली असती तर तिकडे डबा कोण देणार होतं? रियाजाचं मी बघितलं असतं हो, भावजी, पण यांना साधं वरण लावता येत नाही.”

त्यांची सगळी रचनासंपदा बँकेच्या जुन्या, जाड पुठ्ठ्याच्या खातेवह्यांत आहे. हिशेबनिसाची सवय अशी, की गाण्याचे शब्द ‘नावे’च्या रकान्यात आणि स्वरलिपी ‘जमा’च्या. तारीख घालायची पद्धत मात्र घरगुती. ‘भूप. थोरल्याचा गोवर.’ ‘यमन. गॅसचा दुसरा सिलिंडर मिळाला तो आठवडा.’ ‘पिलू, केरवा. धाकटीचे पुढचे दोन दात.’ ‘भैरवी. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता.’ उद्या कुणी अभ्यासकानं त्यांच्या संगीताचा कालानुक्रम लावायचं मनावर घेतलं, तर त्याला मुलांचं लसीकरणाचं कार्ड शेजारी ठेवूनच बसावं लागेल.

विषयसुद्धा संसाराच्या पायऱ्यांनी बदलत गेले. लग्नाआधीची सगळी गाणी ‘ती’ची. लग्न झाल्यावर एकाएकी पाऊस सुरू झाला. यामागे काही निसर्गप्रेम नाही. ‘ती’वर लिहिलं तर ‘कोण हो ती?’ अशी विचारणा होते. पावसावर लिहिलं तर कपडे वाळत नाहीत, एवढीच तक्रार येते. मुलं झाल्यावर अंगाई आली. शाळेच्या फिया सुरू झाल्यावर देव आला. मधे दोनेक वर्षं गझल होती. सुरेश भटांचा ‘एल्गार’ १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि थोरल्याच्या बारशाच्या गडबडीत कुणीतरी तो आहेरात दिला. भटांची ‘गझलेची बाराखडी’ही मग त्यांनी मिळवली, आणि घरात रदीफ-काफियाशिवाय बोलणं बंद झालं. एके संध्याकाळी वहिनींनी वाण्याची यादी हातात ठेवली. सबकुछरावांनी ती मोठ्यांदा वाचली.

“तूप, धूप, सूप. वा! काफिया जमलाय की. पण रदीफ?”

“रदीफ ‘आणा’,” वहिनी म्हणाल्या. “तूप आणा, धूप आणा, सूप आणा. पिशवी दाराला टांगलीय.”

त्यानंतर गझल ओसरली.

त्यांच्या चाली कुठे जन्माला येतात, हे मला एकाच फलाटावरून गाडी पकडत असल्यामुळे जवळून बघायला मिळालं. घरात जागा नाही, बँकेत साहेब आहे, म्हणून सबकुछरावांनी मध्य रेल्वेची जलद लोकल हीच बैठकीची खोली केली. डब्यात आधीच एक भजनी मंडळ होतं. त्यांच्या टाळांच्या आडोशाला उभं राहून ओठातल्या ओठात गुणगुणलं, तर लोक वेडा समजत नाहीत. डोंबिवलीला चढले की ध्रुवपद सुरू व्हायचं. दिवा येईपर्यंत ते बसायचं. पुढे पारसिकचा बोगदा. एक किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा. त्यात गाडी शिरली की शेजाऱ्याचं बोलणं सोडा, स्वतःचा विचारही ऐकू यायचा नाही. तिथे सबकुछराव डोळे मिटून बासरी आणि व्हायोलिनं कल्पायचे. बोगदा संपला की पहिला अंतरा. त्या काळातली त्यांची कुठलीही चीज काढून बघा. ध्रुवपदानंतरचा वाद्यमेळ बरोबर पारसिकच्या बोगद्याएवढा आहे.

दुसऱ्या अंतऱ्याची पाळी यायची ती नेमकी ठाण्याला. ठाण्याला डब्यात जी माणसं शिरतात, त्यांच्यापुढे भल्याभल्यांचा श्वास टिकत नाही, तिथे अंतऱ्याची काय कथा! एक हात वरच्या कडीला, एक पाकिटावर, पाठीत कुणाच्या तरी डब्याचा कोपरा. त्यामुळे सबकुछरावांचं प्रत्येक गाणं दीड अंतऱ्यावर येऊन थांबायचं, आणि उरलेला अर्धा अंतरा संध्याकाळी घरी यायचा.

तो घरी कसा पुरा व्हायचा, हे मी एकदाच पाहिलं. काहीतरी निरोप द्यायला गेलो होतो. सबकुछराव दिवाणावर मांडी घालून, खातेवही पुढ्यात. पेटीचा भाता एका हातानं हलतोय, दुसरा हात पट्ट्यांवर चाचपडतोय. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वहिनी मेथी निवडत बसलेल्या. एकीकडे थोरल्याकडून विज्ञानाची उत्तरं पाठ करून घेत होत्या. सबकुछराव एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होते: “मेघ म्हणाले, चल रे आता, सोड उंबरा मागे…” पुढची ओळ येत नव्हती. पाचव्यांदा ‘मागे’वर भाता थांबला, तशी वहिनींनी मेथीची काडी मोडली आणि मान वर न करता म्हटलं,

“दोरीवरती ओले सदरे, कोण घरी मग जागे? हं, पुढे. हरितद्रव्य कशात असतं?”

“पानात,” थोरला म्हणाला.

सबकुछरावांनी बोटं मोजली. ध्रुवपदाशी ताडून पाहिलं. “अठ्ठावीस मात्रा. बरोबर बसतंय. मोजून म्हणालीस?”

“निवडून म्हणाले. तेवढी जुडी संपवायचीय.”

“हं. चालेल,” असं म्हणून त्यांनी ती ओळ ‘नावे’च्या रकान्यात उतरवली, आणि खाली नेहमीच्या सफाईनं स्वतःची सही केली. सोसायटीच्या कार्यक्रमात त्या पावसाच्या गाण्याला त्याच ओळीवर टाळ्या पडल्या. मी वहिनींना हळूच म्हटलं, “तुमचं नाव घालायला हवं होतं.” त्या घाईघाईनं म्हणाल्या, “नको हो भावजी. एकदा नाव घातलं की लोक पुढचं गाणं मागतात. मला कुठे वेळ आहे?”

‘वेळ’ हा तसा खरं म्हणजे सबकुछरावांच्या खास मालकीचा विषय. “सलग दोन तास मिळाले असते ना, तर…” असं एक वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले. ‘तर’च्या पुढे काय, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. ‘तर’ला त्यांची नजर वर पंख्याकडे जायची आणि तिथे फिरत राहायची. समजणाऱ्यानं समजायचं की तिकडे कुठेतरी एक अजरामर गीतमाला आहे, आणि ती केवळ दूधवाल्याच्या हिशेबापायी खाली उतरलेली नाही.

पण मराठीत स्वतः रचून स्वतः गाणाऱ्यांची यादी काढायला बसलं, तर त्यांच्या या युक्तिवादाला आधार सापडत नाही. यादी संसारी माणसांनीच भरलेली. तुकोबांना दुकान होतं, दुष्काळ होता, मुलंबाळं होती. एकनाथ तर पैठणात नांदता-गाजता प्रपंच मांडून भारुडं रचत होते. आणि खानदेशात बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरुणपणीच नवरा गेला, तीन लेकरं पदरात. जातं ओढताना आणि शेतात राबताना त्या गाणी रचून म्हणत होत्या. मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी ती उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या, त्यानंतर अत्र्यांच्या नजरेला ती वही पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्या बाईंनी ‘सलग दोन तास’ मागितल्याचं कुठे नमूद नाही. उलट जातं थांबलं की गाणं थांबायचं. सबकुछरावांचं उलटं. त्यांना नुसता चहा ठेवायला सांगितला तरी ‘मूड गेला’.

वहिनींना या परंपरेतला सर्वांत जवळचा वाटतो तो गोरा कुंभार. धाकटी रांगायला लागली तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायचं काम संध्याकाळी सबकुछरावांकडे असायचं. ते पेटीवर, बाळ जमिनीवर. एकदा षड्ज-पंचम लावून त्यांनी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा धाकटी पेटीच्या भात्यामागे बसून ‘अवरोही तोडी’ लिहिलेला कागद खात होती. वहिनी बाहेरून आल्या, पोरीच्या तोंडातून कागद काढला आणि म्हणाल्या, “गोरोबाकाका, विठ्ठलानं त्यांचं मूल परत दिलं होतं. आपल्याकडे कोण देणार आहे?” तेव्हापासून घरात त्यांना चिडवायला ‘गोरोबाकाका’ हे नाव पडलं ते पडलंच.

गीतरामायणाचा दाखला द्यायची त्यांना भारी हौस. “१९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. छप्पन्न गाणी! शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. त्यांना संसार नव्हता का? होता. पण घरच्यांनी त्यांना वेळ दिला.”

“ते दोघं होते,” वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या. “शिवाय गाणारे आणखी वेगळे. तुम्ही सगळ्यांची कामं एकटेच करता, म्हणजे एका गाण्याला तीन आठवडे धरा. मग तुमचं मागेच पुरं व्हायला हवं होतं.”

घरातला खरा झगडा वेळेचा नव्हताच, पट्टीचा होता. सबकुछराव गातात काळी एकमध्ये. घरातला कुकर शिट्टी देतो ती त्याहून किंचित चढी. ही किंचित म्हणजे किती, यावर त्यांनी बारकाईनं काम केलं होतं. धड काळी एक नाही, धड पांढरी दोन नाही, मधेच कुठेतरी. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांचा षड्ज लागायचा आणि वरणाची पहिली शिट्टी व्हायची. कान असलेल्या माणसाला ते सोसणं कठीण, यात शंका नाही. एकदा वैतागून ते म्हणाले, “अगं, हा कुकर तरी बदल!”

“कुकर बदलायचा तर सातआठशे रुपये पडतील,” वहिनी म्हणाल्या. “पट्टी बदला. ती फुकट आहे.”

त्यांनी पट्टी बदलली. ‘रचना : तिसरी वही’ यातली सगळी गाणी कुकरच्या पट्टीत आहेत, आणि माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्यांचा आवाज त्या पट्टीत जास्त मोकळा लागतो.

सोसायटीनंही आपल्या परीनं या साधनेत भाग घेतला. इमारतीत कुणाची दहावी असली की पेटीवर मर्यादा यायच्या. एका सभेत सेक्रेटरींनी आठवण करून दिली, की १९४० साली खुद्द आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. आम्ही तर फक्त मार्चपर्यंतच मागतोय. सबकुछराव उभे राहिले. म्हणाले, “त्या बंदीचं कारण असं, की पेटीला मींड घेता येत नाही. तुमचं कारण अलजिब्रा आहे. दोन्हींची तुलना करू नका.” मग बसले आणि मार्चपर्यंत खरोखरच गप्प राहिले. कारण त्या वर्षी दहावी त्यांच्याच थोरल्याची होती.

मुलांच्या शिक्षणात संगीताचा वापर करावा, हे त्यांचं आवडतं तत्त्व. धाकटीचे पाढे त्यांनी रागात बसवले. एकोणीसचा दुर्गा, तेवीसचा देस, सत्तावीसचा भीमपलास. पाठ झाले झकास. परीक्षेनंतर शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, “मुलगी पेपरात गुणगुणते. बाकीच्यांचं लक्ष जातं.” खरी अडचण पुढेच होती. सत्तावीस साते किती, हे सुटं विचारलं की तिला सांगता यायचं नाही. तिला आधी सा धरून, सत्तावीस एकेपासून वर चढत यावं लागायचं. ती जागा आली की ‘एकशे एकोणनव्वद’ असं काही सुरेख उतरायचं, की बाईंनीही नंतर दोनदा म्हणायला लावलं म्हणतात. आज ती बेंगळुरूला एका मोठ्या कंपनीत हिशेब बघते. अवघड आकडेमोड आली की अजून ओठ हलतात.

सार्वजनिक यश आलंच नाही असं नाही. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत ते सुगम संगीतासाठी उत्तीर्ण झाले, ‘बी’ श्रेणी मिळाली. त्या आठवड्यात ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त गायक’ असं छापलेली पत्रं तयार झाली आणि पहिलं पत्र गॅस एजन्सीला गेलं. सिलिंडर उशिरा येत होता. पहिलं प्रसारण सकाळचं होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे रेडिओभोवती जमलो. सबकुछराव इस्त्रीचा झब्बा घालून खुर्चीत ताठ बसलेले, जणू रेडिओतूनही ते दिसणार होते. गाणं सुरू झालं आणि संपलं. मधे कुठेही शिट्टी झाली नाही. मी सहज स्वयंपाकघरात डोकावलो तर वहिनींनी त्या दिवशी भात पातेल्यात ठेवला होता.

त्यानंतरची पायरी कॅसेट. त्या काळात कॅसेट निघाल्याशिवाय माणूस गायक ठरत नसे. कॅसेट कंपन्यांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं तीन वर्षं सांगितल्यावर सबकुछरावांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं आणि स्टुडिओची एक शिफ्ट घेतली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. ती भरायला बोगद्याएवढे वाद्यमेळ फार उपयोगी पडले. पाचशे प्रती निघाल्या. पन्नासेक नातेवाइकांनी घेतल्या, काही बँकेत पगाराच्या दिवशी खपल्या. उरलेल्या दिवाणाच्या पोटात गेल्या. पाहुण्यांना त्या दिवाणावर झोपवलं, की कुशीवर वळताना आत खुळखुळ व्हायची.

तीन संक्रांती वहिनींनी वाट बघितली. चौथ्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्यांनी घरटी एक कॅसेट वाटून टाकली, वर तिळाची वडी. सबकुछराव संध्याकाळी बँकेतून आले तेव्हा आमच्या सबंध जिन्यात, चारही मजल्यांवर, त्यांचा फोटो हातात घेतलेल्या बायका उतरत होत्या. तेवढी लोकप्रियता त्यांना पुन्हा लाभली नाही. आमच्या घरातली कॅसेट अजून आहे. टेपरेकॉर्डर मात्र राहिला नाही.

पुढे जग बदललं. स्वतःची कविता स्वतः गाणाऱ्या कवीला प्रेक्षक तिकीट काढून ऐकू लागले. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या ‘आयुष्यावर बोलू काही’चे प्रयोग हाउसफुल्ल जायला लागले. सबकुछराव एका प्रयोगाला जाऊन आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “छान करतात. पण तिथेही दोघं आहेत.” २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क कुणाला लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. तेव्हा त्यांनी सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला ठेवून तो कायदा समजावून सांगितला. “गीतकाराचा वाटा वेगळा, संगीतकाराचा वेगळा. दोन्ही माझेच!” धाकटीनं गाणी इंटरनेटवर चढवली. पहिल्या वर्षी त्यांच्या खात्यात जी रक्कम जमा झाली, ती वहिनींनी देवापुढे ठेवली आणि तिचे पेढे आणताना वर स्वतःच्या पर्समधले पैसे घातले.

या माणसाला ‘सलग दोन तास’ कधीच मिळाले नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. मुलं लहान असताना एका मे महिन्यात वहिनी दोघांना घेऊन पंधरा दिवसांसाठी चिपळूणला माहेरी गेल्या होत्या. सबकुछरावांनी आठवडाभर आधीपासून जाहीर करून ठेवलं होतं, की आता बघा. वहिनींना स्टेशनवर सोडून आले ते संध्याकाळी भेटतील तर शपथ. दार बंद. दुसऱ्या दिवशीही दार बंद. तिसऱ्या दिवशी ते माळ्यावरची जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला देताना दिसले. चौथ्या दिवशी त्यांनी चारही वह्यांना खाकी कव्हरं घातली. पाचव्या दिवशी सातच्या सुमारास आमच्या घराची बेल वाजली. हातात वही, तोंड उतरलेलं.

“या ना, काय नवीन?”

“छे हो. घर फार शांत आहे.” मग थोडं घुटमळून आमच्या हिला म्हणाले, “वहिनी, तुमचा कुकर कधी लागतो?”

आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून ते रोज तासभर बसू लागले. आमचा कुकर वेगळ्या पट्टीतला निघाला. त्यातून एकच गाणं झालं, दीड अंतऱ्याचं. उरलेला अर्धा चिपळूणहून माणसं परतल्यावर पुरा झाला.

निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यांनी स्वतःच्याच तीन रचना सादर केल्या आणि जाहीर केलं, की आजपासून पूर्णवेळ संगीत. तोवर थोरला पुण्याला, धाकटी बेंगळुरूला. हप्ते संपलेले, दहावी-बारावी संपलेल्या, दळणाच्या जागी तयार पिठाच्या पिशव्या. लोकलही सुटली. सलग दोन तासांचा नुसता ढीग पडला. दोन वर्षांत एक गाणं झालं नाही. ते सकाळी बँकेत पासबुक भरून घ्यायला जायचे, दुपारी खातेवह्यांची अनुक्रमणिका करायचे, संध्याकाळी मला गाठून आजकालच्या गाण्यांना अंतराच नसतो याबद्दल बोलायचे. ‘वेळ मिळत नाही’ म्हणायची सोय गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यातली समच हरवल्यासारखी झाली होती.

गेल्या नोव्हेंबरात धाकटीला मुलगा झाला. वहिनी बाळंतपणासाठी आधीच बेंगळुरूला गेल्या होत्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून सबकुछराव मागे राहिले. नातू झाल्याचा फोन आला आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्यांच्याकडची पेटी ऐकू आली. दुसऱ्या दिवशी भेटले ते ओळखू येईनात. डोळे तांबारलेले, झब्ब्यावर वरणाचे डाग. आता स्वयंपाक स्वतःच करतात. कुकरची तिसरी शिट्टी चुकून पाचवर जाते. अंगाई सुरू झाली होती. ध्रुवपद बसलं. पहिला अंतरा खरंच गोड झाला, हे मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही. दुसऱ्याच्या पहिल्या ओळीपाशी आले आणि नेहमीप्रमाणे थांबले. त्यांनी ती ओळ फोनवर गाऊन वहिनींना पाठवली.

दोन दिवस उत्तर नाही. दोन निळ्या खुणा मात्र उमटलेल्या. सबकुछराव दर तासाला फोन उघडायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि फोन माझ्या हातात दिला. वहिनींचा निरोप होता: ‘बाळ रात्रभर झोपत नाही. सकाळी अंघोळ, शेक, धुरी, मग हिचं पथ्याचं. तुमची ओळ ऐकली. छान आहे. पण पुढचं सुचायला डोकं शांत लागतं, इथे दोन मिनिटं सलग मिळत नाहीत. तुम्हीच बघा.’

मी काही न बोलता फोन परत दिला. सबकुछरावांनी तो निरोप पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि मान हलवली.

“संसार कुणाला चुकलाय हो?” ते म्हणाले. “पण माणसानं कलेसाठी थोडा वेळ काढायला नको?”